नकाशात नसलेली चिंच

चिखलीत सध्या लग्न असो, जनाजा असो की शाळेची पालकसभा, दोन माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला प्लॉटचा भाव निघतो. खामगाव रस्ता, मेहकर रस्ता, जालना रस्ता, बुलढाणा रस्ता, कुठूनही गावात शिरा. आमच्या लहानपणी जिथे कपाशी आणि ज्वारी उभी असायची तिथे आता सिमेंटचे खांब, तारेचे कुंपण आणि ‘एन.ए. प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी दिसते. या सगळ्याला नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही. गावात घरे कमी पडतात, एकेका घरात तीन-तीन चुली आहेत, स्वतंत्र खोली नाही म्हणून मुलांची लग्ने अडली आहेत. ज्याची जमीन रस्त्यालगत आहे तो ती विकणार आणि ज्याला डोक्यावर छप्पर हवे तो ती घेणार. आम्हीही विकली. ही हकीकत त्या व्यवहाराची आहे, आणि त्या जमिनीत उभ्या असलेल्या एका चिंचेची.

अब्बांचे शेत पावणेतीन एकर. काळी जमीन, एका अंगाला ओढा, मध्यावर चिंच आणि विहिरीजवळ एक निंब. चिंच कुणी लावली ते कुणालाच माहीत नव्हते. दादा सांगायचे की त्यांच्या लहानपणीही ती एवढीच होती. चिंच धरली की झाड मक्त्याने जायचे. मक्तेदार माणसे घेऊन यायचा, चिंच झोडपून न्यायचा आणि घरासाठी दोन पोती ठेवून जायचा. अम्मी आणि दोघी बहिणी अंगणात बसून चिंचोके काढायच्या, मीठ लावून गोळे करायच्या आणि बरण्या भरायच्या. वर्षभराची खट्टी दाल त्यावर निघायची. त्या चिंचेला शेतातल्या पिकासारखा हिशेब कधी कुणी लावला नाही. ती होती, एवढेच.

अब्बांचे निधन झाले. अम्मी त्यांच्याआधीच गेल्या होत्या. मागे आम्ही दोन भाऊ आणि दोन बहिणी राहिलो. वाटणीच्या वेळी आपल्याकडे काय चालते ते वाचकांना सांगायला नको. शरीअतने बहिणीचा हिस्सा स्पष्ट सांगितला आहे, पण तहसीलच्या आवारात बसून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली जाते आणि वर ‘माहेर तुटू नये म्हणून तिनेच सोडला’ असे म्हटले जाते. आमचे थोरले बंधू या बाबतीत खंबीर निघाले. ते म्हणाले, जमीन विकू, सहा हिस्से करू, दोन-दोन आपले, एक-एक बहिणींचा, आणि ज्याचे त्याच्या हातात रोख देऊ. मोठ्या आपाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. धाकटीच्या घराचा स्लॅब दोन वर्षे उघडा पडलेला होता. जमीन विकणे ही आमच्या घरात हौस नव्हती. ती एका हक्काची फेड होती. म्हणून पुढे जे झाले त्यात कुणाला दुष्ट ठरवता येत नाही.

घेणारे गृहस्थ धंद्याचे माणूस, पण समोरच्याचे ऐकून घेणारे. त्यांनी मोजणी केली आणि एका सकाळी शेतात चुन्याच्या पांढऱ्या रेषा पडल्या. सोयाबीन नुकतेच निघाले होते. आम्ही शाळेतून परस्पर तिकडे गेलो. नऊ मीटरच्या रस्त्याची रेषा सरळ चिंचेच्या बुंध्यापर्यंत येऊन थांबली होती आणि बुंध्याच्या पलीकडून पुन्हा सुरू झाली होती. कागदावरचा नकाशा पाहिला तर त्यात ओढा होता, विहीर होती, शेजाऱ्याचा बांध होता, विजेचा खांबही होता. चिंच नव्हती. निंबही नव्हता. निंबाच्या जागी प्लॉट नंबर चौदा लिहिलेले होते.

“झाडे तुम्ही काढून द्या, मग इसार करू,” ते म्हणाले. आम्ही घरी विषय काढला तेव्हा थोरले बंधू आमच्याकडे बघून हसले, “मास्टर, झाड को हिस्सा कौनसी किताब में लिखा है?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आणि खरे सांगायचे तर उत्तर देण्याचा अधिकारही आम्ही बारा वर्षांपूर्वीच गमावला होता.

त्याचे असे झाले. आमच्या राहत्या घराच्या अंगणात एक निंब होता. कुटुंब वाढले, दोन खोल्या काढायच्या ठरल्या. गवंडी म्हणाला, झाड ठेवले तर एक खोली दोन हात लहान होईल. दोन हातांसाठी आम्ही ते झाड एका दिवसात उतरवले. परवानगी लागते हे ठाऊकच नव्हते. आपले अंगण, आपले झाड, विचारायचे कुणाला? अम्मी तेव्हा हयात होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या आपली बाज दिवसातून तीन वेळा सरकवायच्या. सकाळी भिंतीच्या या बाजूला, दुपारी आत, असर झाली की भिंतीच्या त्या बाजूला. आम्ही कूलर आणला. पुढच्या वर्षी दुसरा आणला. कूलरला पाणी लागते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावे लागते. एका निंबाचे काम करायला आम्ही दोन कूलर, वीजबिल आणि रोजच्या चार बादल्या लावल्या, आणि तरी अम्मींची बाज सरकतच राहिली.

म्हणून या वेळी आम्ही एक महिन्याची मुदत मागितली. बंधूंनी ती दिली, पण बजावून, की बहिणींचे पैसे एका महिन्यापेक्षा जास्त अडणार नाहीत.

पहिले काम कायदा समजून घेणे. महाराष्ट्रात शहरी भागासाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. नगर परिषदेच्या हद्दीत झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड रस्त्यावरचे असो की तुमच्या अंगणातले. अर्ज आला की झाडाची पाहणी होते, झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते, लोकांच्या हरकती ऐकल्या जातात. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी असेही त्याच कायद्यात आहे. २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाचे झाड आता ‘वारसा वृक्ष’ मानले जाते. आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षे जगवायची.

जरा हिशेब करा. ऐंशी वर्षांचे झाड तोडले तर ऐंशी रोपे. पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस ऐंशी रोपे कुठे लावणार, आणि सात वर्षे पाणी कुठून घालणार? पुष्कळ ठिकाणी ही अट कागदावर पूर्ण होते आणि रोपे पहिल्या मे महिन्यातच जातात. शाळेत दर पावसाळ्यात वृक्षारोपण घेणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच खड्ड्यात आम्ही तीन-तीन वर्षे रोपे लावलेली आहेत.

हद्दीबाहेर, म्हणजे ग्रामीण भागात, १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, फणस, सागवान अशी झाडे आहेत. ती खासगी शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गंमत म्हणजे ज्या झाडांच्या सावलीत आपण वाढलो तो निंब आणि वड त्या यादीत नाहीत. सरकारने यादी केली ती फळ आणि लाकूड बघून. सावलीला त्यात रकाना नाही.

परवानगी मागून मिळाली असती की नसती, हा मुद्दा आम्हाला मात्र दुय्यम वाटू लागला. एकदा रस्त्याची रेषा झाडावरून गेली, प्लॉट विकले गेले, लोकांनी कर्ज काढून पैसे भरले, की मग झाड सगळ्यांचे दुश्मन होते. त्या वेळी कायद्याचे बोट दाखवणारा माणूसही दुश्मन होतो. निर्णय कुऱ्हाड येते त्या दिवशी होत नाही. तो नकाशा काढला जातो त्या दिवशी होतो. झाड नकाशात नसले की ते जमिनीवरही फार दिवस नसते.

मग आम्ही टेप घेतली. नववीच्या वर्गाला भूमितीचा तास शेतात दिला. मुलांनी चिंचेच्या बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजला, तो साडेपंधरा फूट भरला. दुपारी बारा वाजता सावलीच्या कडेने खुंट्या ठोकल्या आणि व्यास काढला, तो साठ फूट आला. वर्तुळाचे क्षेत्रफळ सगळ्यांनी वहीत काढले, सुमारे अठ्ठावीसशे चौरस फूट. एका मुलीने विचारले, “सर, हे तर जवळजवळ दोन प्लॉट झाले. तुम्ही दोन प्लॉट फुकट सोडणार?” प्रश्न बरोबर होता. घरात हाच प्रश्न आमच्यापुढे होता.

उत्तर नियमातच सापडले. राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी २०२० च्या डिसेंबरमध्ये जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तिच्याप्रमाणे चार हजार चौरस मीटर, म्हणजे ढोबळ मानाने एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट करताना दहा टक्के जागा खुली सोडावीच लागते. आपण तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतो. पावणेतीन एकराचे दहा टक्के म्हणजे जवळपास बारा हजार चौरस फूट. चिंचेला हवे होते अठ्ठावीसशे. मुळांसाठी दुप्पट धरा, तरी निम्मी जागा उरते.

ही जागा तशीही सोडायचीच होती. पण ओपन स्पेस कुठे सोडतात? चिखलीतला कोणताही ले-आऊट फिरून बघा. ती जागा कोपऱ्यात असते, ओढ्याच्या काठाला, खोलगट, तिरपी, जिथे प्लॉट पडत नाही अशी. मुलांनी खेळावे म्हणून सोडलेल्या जागेत बेशरम आणि वेडी बाभूळ माजते. आमच्या नकाशातही तसेच होते. ओपन स्पेस ओढ्याला, आणि चिंच रस्त्यात.

आमचा एक जुना विद्यार्थी आता स्थापत्य अभियंता आहे. त्याने रात्री जागून दुसरा नकाशा काढला. खुली जागा मध्यावर आणली, चिंच तिच्यात घेतली आणि रस्ता तिच्या कडेने वळवला. ओढ्याकडच्या पट्टीत प्लॉट पाडले, पण ते तिरपे आणि स्वस्तातले. सगळी बेरीज-वजाबाकी करून घेणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, “मास्तर, माझे दीड प्लॉटचे नुकसान आहे. तेवढे किमतीतून कमी करा, मी नकाशा बदलतो.”

दीड प्लॉट. निदान आता झाडाची किंमत कळली. ती द्यायची कुणी, एवढेच उरले.

याच दिवसांत आम्ही इतर ठिकाणी काय झाले ते वाचत होतो. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील भोसे गावी असाच प्रसंग आला होता. रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात तिथला सुमारे चारशे वर्षांचा वड जाणार होता. जुलै २०२० मध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि महामार्गाची आखणी त्या जागी बदलण्याचे ठरले. शेकडो किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्गाची आखणी एका वडासाठी बदलता येते. मग आमचा रस्ता तर नऊ मीटर रुंदीचा, आणि तोही अजून चुन्याचाच होता.

झाडाची किंमत रुपयांत मांडण्याचा प्रयत्नही आपल्या देशात झाला आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ जुनी झाडे तोडायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने २०२१ च्या सुरुवातीला हिशेब दिला, की एका झाडाचे मोल वर्षाला ७४ हजार ५०० रुपये धरावे. त्यातले ४५ हजार तर नुसत्या प्राणवायूचे. शंभर वर्षांहून जुन्या वारसा वृक्षाचे मोल एक कोटीच्या पुढेही जाऊ शकते, असे समितीने म्हटले. आम्ही हा आकडा घरी वाचून दाखवला. बंधू म्हणाले, “बहोत अच्छा. त्यातले पाच लाख आपाच्या मुलीच्या फीला कोण देतो ते विचारून ये.” आम्ही वाद घातला नाही. समितीचे मोल सगळ्या गावाला मिळते आणि तोटा एका सातबाऱ्याला लागतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

दंडाचीही एक बातमी आहे. उत्तर प्रदेशात मथुरा–वृंदावन परिसरातल्या एका जमिनीवर सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत ४५४ झाडे तोडली गेली. तो भाग ताजमहालाच्या संरक्षणासाठी राखलेल्या टापूत येतो. मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला आणि एवढी झाडे तोडणे माणसे मारण्याहून वाईट असल्याचे सुनावले. तेवढी हिरवाई परत यायला किमान शंभर वर्षे लागतील, हेही न्यायालयाने नमूद केले. दंड साडेचार कोटींवर गेला. पण झाडे गेली ती गेलीच.

आता दीनची बाजू, कारण घरात शेवटी प्रश्न तिथेच येऊन थांबला होता. झाड लावणे हा सदका आहे, त्यातून पाखराने खाल्ले, जनावराने खाल्ले, माणसाने खाल्ले तरी त्याचा सवाब लावणाऱ्याला पोहोचतो, ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते. लावण्याबद्दल आपण बोलतो, तोडण्याबद्दल कमी बोलतो. अबू दाऊदच्या संग्रहात बोरीच्या जातीचे झाड, ज्याला अरबीत ‘सिद्र’ म्हणतात, ते तोडणाऱ्याला कडक ताकीद आहे. त्याचा खुलासा इमाम अबू दाऊद यांनी स्वतःच केला आहे, की उघड्या माळावरचे झाड, ज्याच्या सावलीला वाटसरू आणि जनावरे टेकतात, ते हक्क नसताना, विनाकारण तोडणाऱ्यासाठी ही ताकीद आहे. म्हणजे प्रश्न कारणाचा आहे. कारण असेल तर? मदिनेत प्रेषितांच्या (स.) मशिदीसाठी जी जागा निवडली गेली तिथे खजुरीची झाडे होती. ती तोडली गेली आणि त्यांचीच खोडे किब्ल्याच्या बाजूला ओळीने उभी केली गेली. गरज खरी होती, आणि तोडलेले लाकूडही वाया गेले नाही. नंतर ज्या खजुरीच्या खोडाला टेकून प्रेषित (स.) खुतबा देत, ते खोड मिंबर तयार झाल्यावर विरहाने रडले, ही रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो.

तेव्हा आपला दीन झाड कधीच तोडू नका असे सांगत नाही आणि वाटेल तेव्हा तोडा असेही सांगत नाही. तो कारण विचारतो. आमच्या अंगणातल्या निंबाचे कारण दोन हात खोली होते. या चिंचेचे कारण एवढेच होते, की नकाशा काढणाऱ्याला रेघ सरळ हवी होती.

आम्ही बंधूंना सांगितले की दीड प्लॉटचा तोटा आमच्या हिश्शातून कापावा. बहिणींच्या हिश्शाला हात लागू नये, कारण त्यांनी झाड वाचवा असे म्हटलेले नाही आणि दुसऱ्याच्या पैशाने सवाब कमावता येत नाही. घरी आल्यावर बायकोने विचारले, “मग वरची खोली?” आम्ही म्हटले, दोन वर्षे पुढे. ती त्या रात्री आमच्याशी बोलली नाही, हे इथे लिहिले पाहिजे. झाड वाचवण्याच्या बातम्यांत हा भाग येत नाही. मुलगा बारावीला होता, त्याला अभ्यासाला जागा नव्हती आणि खोलीचे वचन आम्हीच दिले होते.

इसाराच्या दिवशी बंधूंनी कागदावर सही करण्याआधी आकडे पुन्हा लिहायला लावले. तोटा दोघा भावांत निम्मा-निम्मा. आम्ही काही बोलणार तोच म्हणाले, “अब्बांची चिंच तुझ्या एकट्याची होती का?” आणि विषय संपला. नकाशावर अभियंत्याने हिरव्या शाईने एक वर्तुळ काढले आणि आत लिहिले, ‘चिंच’. मंजुरीच्या कागदात ते वर्तुळ आले. आम्हाला त्या वर्तुळाचा जितका आनंद झाला तितका बीएडच्या निकालाचाही झाला नव्हता.

निंब मात्र गेला. तो प्लॉट नंबर चौदामध्ये होता आणि सगळेच वळवता येत नव्हते. प्लॉट घेणाऱ्याला आम्ही सांगितले होते, पाहिजे तर घराचा नकाशा थोडा मागे घ्या, झाड समोरच्या अंगणात येईल, उन्हाळ्यात दुआ द्याल. तो हो म्हणाला होता. पावसाळ्याआधी एके दिवशी गेलो तर फक्त बुंधा होता, आणि त्याच्यावर खडीचा ढीग. त्याला आम्ही काय म्हणणार? आमच्याही अंगणात तसाच बुंधा होता.

चिंचेजवळच्या प्लॉटांचेही ऐका. दोन गिऱ्हाईके परत गेली, चिंचेवर असर असतो म्हणून. एका बाईने तर आम्हालाच विचारले, “मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्हाला भीती नाही वाटत?” तिसरे गिऱ्हाईक निवृत्त बस कंडक्टर होते. आयुष्य उन्हातल्या गाडीत गेलेल्या त्या माणसाने चिंचेसमोरचाच प्लॉट मागितला आणि भावाबद्दल घासाघीसही केली नाही.

आता वसाहतीत नऊ घरे उभी आहेत. मार्चमध्ये बहिणी आल्या होत्या. मक्ता आता नाही. खुल्या जागेतले झाड सगळ्यांचे, म्हणून सगळ्या घरांनी मिळून चिंच झोडपली आणि वाटून घेतली. मोठ्या आपाच्या वाट्याला पाच किलो आली. पूर्वीच्या दोन पोत्यांपुढे काहीच नाही, असे ती म्हणाली, पण पिशवी सोडली नाही. तिची मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

नवा प्रश्न मात्र उभा राहिला आहे. वसाहतीतल्या लोकांना चिंचेभोवती ओटा बांधायचा आहे, सिमेंटचा, वर फरशी, बसायला छान. बाकीच्या जागेत पेव्हर ब्लॉक, म्हणजे पावसाळ्यात चिखल होणार नाही. हौस चांगली आहे, पण झाडाचा श्वास मुळातून चालतो आणि पाणी-अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतेक करून वरच्या दीड-दोन फूट मातीतच, फांद्यांच्या घेरापर्यंत आणि त्यापुढेही पसरलेली असतात. बुंध्याशी सिमेंट आले आणि भोवती ब्लॉक आले की पाणी आत जात नाही, हवा जात नाही. झाड लगेच मरत नाही. पाच-सात वर्षे शेंडा वाळत राहतो आणि एखाद्या वादळात ते पडते, तेव्हा लोक म्हणतात, म्हातारे झाले होते. दिल्लीत हे इतके वाढले होते की एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढायला लावले. आमच्या मते इतक्या मोठ्या चिंचेला एक मीटर पुरणार नाही. निदान फांद्यांखालची माती तरी मोकळी ठेवावी, त्यावर भर टाकू नये, बसायला दगड किंवा लाकडी बाक ठेवावेत, आणि पावसाळ्यात चार दिवस चिखल होतो तो होऊ द्यावा.

हाच प्रश्न कब्रस्तानाच्या भिंतीचा आहे, मशिदीच्या आवारातल्या निंबाचा आहे, ईदगाहच्या मैदानाचा आहे. कितीतरी गावांत जुनी झाडे आता याच जागांत उरली आहेत, कारण तिथे प्लॉट पडत नाहीत. तिथले नकाशे आपलीच जमात मंजूर करते. वुजूखाना वाढवायचा असेल, जनाज्यासाठी शेड उभारायचे असेल, तर कागदावर पहिली रेघ मारण्याआधी आवारातली झाडे त्या कागदावर आणून घ्यावीत, एवढे मुतवल्ली साहेबांना आणि जमातीच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. एक टेप आणि एक दुपार लागते. शेत असेल तर ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवता येतात, तीही नोंदवून ठेवावीत. उद्या वाटणी निघाली, विक्री निघाली, तर कागदावर काहीतरी असेल.

ओट्याबद्दल वसाहतीची बैठक जुम्याच्या नमाजनंतर आहे. निवृत्त कंडक्टर आमच्या बाजूने आहेत, आणखी दोन घरे आहेत, बाकीचे फरशीच्या बाजूने. नववीची मुले पुन्हा टेप घेऊन येणार आहेत आणि या वेळी फांद्यांच्या घेराखाली चुन्याची रेषा तीच मारणार आहेत. विटांचा ट्रॅक्टर मात्र कालच येऊन चिंचेखाली खाली झाला आहे.